सोपाऱ्यात पुस्तक कुठे मिळते?

माझी लेक सहावीत आहे. सहावीला प्राचीन भारताचा इतिहास असतो. गेल्या वर्षी शाळेतून प्रकल्प मिळाला : आपल्या परिसरातील ऐतिहासिक स्थळाची माहिती लिहा. आम्ही सोपाऱ्याचे. स्तूप घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. लेक म्हणाली, "अब्बू, मोबाइलवरचं सगळ्यांनी उतरवलंय. बाईंनी सांगितलंय, पुस्तकातलं लिहा. आपल्या सोपाऱ्याचं पुस्तक आणू या ना."

त्या संध्याकाळी आम्ही दोघे निघालो. नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेपासून सोपारा गावापर्यंत रस्त्यात पाच-सहा दुकाने लागली. प्रत्येकाच्या पाटीवर 'बुक डेपो' किंवा 'बुक स्टॉल' असे शब्द होते. आत वह्या, कंपासपेट्या, पाण्याच्या बाटल्या, फळ्याचे खडू, गाइड, अपेक्षित प्रश्नसंच, झेरॉक्स, लॅमिनेशन, मोबाइलचे रिचार्ज. एका दुकानात काउंटरखाली इसापनीती आणि अकबर-बिरबलाच्या पातळ पुस्तिका होत्या, त्याही धुळीने भरलेल्या. शेवटच्या दुकानातल्या शेठला विचारले, "इतिहासाचं काही आहे का? कादंबरी, चरित्र, काहीही?" तो हसून म्हणाला, "भाई, ते इथे कोण घेणार? दादरला जा."

'दादरला जा.' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि त्याचे कधी वाईट वाटले नव्हते. त्या दिवशी मात्र लेकीने विचारले, "मग त्यांनी पाटीवर बुक का लिहिलंय?" मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

दगडावरचे अक्षर

ज्या गावात पुस्तक मिळत नाही, त्या गावात अक्षर फार जुने आहे. सोपारा म्हणजे शूर्पारक, जातककथांत आणि महाभारतात नाव असलेले बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथे 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा मातीचा ढिगारा खणला आणि त्यातून विटांचा स्तूप बाहेर आला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ बुद्धमूर्ती होत्या. त्याच वर्षी गावातल्या भाटेला तलावाजवळ त्यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला.

आठव्या लेखात अशोक म्हणतो की पूर्वीचे राजे शिकारीला आणि मौजेला बाहेर पडत, मी मात्र धर्मयात्रेला निघतो. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. लोकांच्या बोलीजवळची भाषा घेऊन राजाने आपले म्हणणे बंदराच्या गावी दगडावर कोरून ठेवले. ज्याला वाचता येईल त्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी अक्षर लोकांच्या वाटेवर आणून ठेवायची अक्कल राज्यकर्त्याला होती.

नंतर अरब आले. त्यांच्या जिभेवर सोपाऱ्याचे 'सुबारा' झाले. दहाव्या शतकात अल-मसूदीने या किनाऱ्यावरच्या बंदरांबरोबर सुबाऱ्याचे नाव लिहिले. इसवी सन १०३० च्या सुमारास अल-बिरूनीने किनाऱ्यावरची अंतरे देताना ठाण्याच्या अलीकडे सुबारा नोंदवले. बाराव्या शतकातल्या अल-इद्रिसीच्या भूगोलात सुबारा हे गजबजलेले, व्यापाराचे शहर आहे. म्हणजे आमचे गाव अरबी पुस्तकांत हजार वर्षांपूर्वी पोचले. ती पुस्तके मात्र सोपाऱ्यात आजवर पोचलेली नाहीत.

स्तूपातले करंडक आणि मूर्ती मुंबईला एशियाटिक सोसायटीत गेल्या. भुईगावचा शिलालेख मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. भगवानलालांचा शोधनिबंध एशियाटिकच्या नियतकालिकात, इंग्रजीत छापला गेला. त्याच वर्षी निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये सोपाऱ्यावर सविस्तर मजकूर आहे, तोही इंग्रजीत. वस्तू सांभाळल्या गेल्या हे चांगलेच झाले. पण सोपाऱ्याचे पोर सोपाऱ्याविषयी वाचू म्हणाले तर त्याला मुंबईचे तिकीट काढावे लागते, हा क्रम तेव्हापासूनचा आहे.

छापखाना तिथे, गाडी इथे

मधली दोनशे वर्षे वसई पोर्तुगिजांकडे होती. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने ती त्यांना दिली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकून घेतली. पोर्तुगिजांनी हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली आणला तो गोव्यात. फादर स्टीफन्सचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले तेही गोव्यात, रायतूरला. वसई त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती, पण छापील अक्षर दूरच राहिले.

एकोणिसाव्या शतकात छपाईची राजधानी मुंबई झाली. मराठी आणि संस्कृत छपाई गिरगाव-काळबादेवीच्या आसपास फोफावली. जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला १८६९ साली. तिथून थोड्या अंतरावर, भेंडीबाजार आणि परिसरात शिळाछापावर फारसी, अरबी आणि उर्दू किताबे छापली जात होती. मुंबईत छापलेली फारसी पुस्तके पार इराणपर्यंत विकली जात. एकाच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर, दोन पुस्तकबाजार उभे राहिले : एक मराठी, एक उर्दू-फारसी. या दोघांच्या मधल्या वाचकाचे काय, म्हणजे घरात कोकणी-मराठी बोलणाऱ्या मुसलमानाचे काय, हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नसावा.

आणि याच दशकात, १२ एप्रिल १८६७ रोजी, विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली लोकल सुटली. सकाळी एक जाणारी, संध्याकाळी एक परतणारी. छापखाना आणि गाडी अशी एकदमच वयात आली. त्या गाडीने वसईचे नशीब ठरवले. वसईची केळी, पानवेलीची पाने, भाजी, फुले आणि माणसे सकाळी मुंबईला जायची. संध्याकाळी माणसे परतायची आणि येताना जे हवे ते पिशवीतून आणायची. औषध, कापड, घड्याळ, पुस्तक. आजही वसईचा सोनचाफा पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजारात जातो, आणि त्याच दादर स्टेशनबाहेर मराठी पुस्तकांची दुकाने आहेत.

गाडी नसती तर वसईत कधीतरी पुस्तकाचे दुकान निघाले असते. रत्नागिरी मुंबईपासून लांब, म्हणून तिथे १८२८ सालीच वाचनालय उभे राहिले, कारण पुस्तक आणायला रोज मुंबईला जाणे शक्यच नव्हते. वसई इतकी जवळ होती की तिला स्वतःचे काही लागलेच नाही. आपल्या जिल्ह्याच्या मुख्यालयी, ठाण्याला, १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. पण वसईहून रेल्वेने ठाणे गाठायचे म्हणजे दादरला जाऊन गाडी बदलायची. दादरला उतरल्यावर ठाण्याला कशाला जायचे? २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. मुख्यालय उत्तरेला गेले, पुस्तक दक्षिणेलाच राहिले.

अब्बांची पिशवी

माझे अब्बा मस्जिद बंदरला एका गोदामात कारकून होते. नालासोपाऱ्याहून दादर, दादरला गाडी बदलून मस्जिद. महिन्यातून एकदा, पगार झाल्यावर, परतताना दादरच्या फुटपाथवरून जुने दिवाळी अंक आणि एखादी कादंबरी आणत. कधी भेंडीबाजारातून उर्दू मासिक. मुंबईचा पेपर तर रोजचाच. आमच्या घरी पुस्तके होती ती या पिशवीमुळे. मी मराठी लिहितो तेही तिच्यामुळेच. त्या पिशवीचे माझ्यावर फार उपकार आहेत, म्हणून पुढचे लिहिताना जरा जड जाते.

अम्मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. घरात सगळ्यात जास्त वाचणारी तीच. दुपारी भांडी आवरली की पाठीला उशी लावून ती दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायची. वाचून झाले की पुन्हा पहिल्यापासून. तिच्या मैत्रिणी उर्दू वाचणाऱ्या. एकमेकींना पुस्तक देता येत नसे, म्हणून ती त्यांना वाचलेली गोष्ट तोंडी सांगायची.

लेकीच्या प्रकल्पानंतर मी तिला विचारले, "अम्मी, तू स्वतः पुस्तक कधी विकत घेतलंस?"

ती म्हणाली, "मी कुठे जाणार? तुझे अब्बा आणायचे की."

"पण तुला आवडेल असं आणायचे का?"

"त्यांना आवडायचं ते आणायचे. मी वाचायचे."

"तुला निवडायला मिळालं असतं तर काय घेतलं असतंस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला काय ठाऊक? दुकानात उभी राहिले असते तर कळलं असतं."

अम्मीचे वय आता अठ्ठ्याहत्तर. साठ वर्षे वाचणाऱ्या बाईने एकदाही पुस्तक हातात घेऊन, चाळून, नको म्हणून परत ठेवलेले नाही. तोपर्यंत मला वाटत होते की दुकान नसल्याने आमचे काही बिघडले नाही, पिशवी होतीच. पण पिशवी गाडीत चढणाऱ्याची असते. जी गाडीत चढत नाही तिला पिशवीतले वाचावे लागते. पुस्तकाचे दुकान नसण्याची किंमत बायकांनी, पोरांनी, म्हाताऱ्यांनी आणि दोन वेळच्या कामात अडकलेल्यांनी भरली. ज्याच्या खिशात पास होता त्याने नाही.

माणसे आली, दुकान आले नाही

मग वसई-विरार वाढले, तेव्हा तरी दुकान का आले नाही? १९८२ च्या गिरणी संपानंतर कामगार कुटुंबे स्वस्त घराच्या शोधात बोरिवलीच्या पुढे सरकली. १९९० मध्ये राज्य सरकारने वसई-विरार उपप्रदेशाचे नियोजन सिडकोकडे दिले. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबे मुंब्रा, मिरा रोड आणि पुढे नालासोपाऱ्यापर्यंत आली. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. एवढ्या लोकांना किराणा लागतो, दवाखाना लागतो, क्लास लागतो. ही सगळी दुकाने इमारतींच्या तळमजल्यावर आली. पुस्तकाचे नाही.

हिशेब करून पाहिला की कारण कळते. समजा, एका गाळ्याचे भाडे महिना २०,००० रुपये. पुस्तक २५० रुपयांचे, दुकानदाराला सुटणारे कमिशन ३० टक्के, म्हणजे ७५ रुपये. नुसते भाडे निघायला महिन्याला २६७ पुस्तके विकावी लागतील, रोजची जवळजवळ नऊ. वीज आणि पोऱ्याचा पगार वेगळा. मराठी पुस्तकाची आवृत्तीच साधारण हजार प्रतींची, ती सगळ्या महाराष्ट्रात खपायला वर्षे लागतात. त्याच गाळ्यात मोबाइलची कव्हरे लावली तर भाडे आठवड्यात सुटते. शेठ चुकीचे बोलत नव्हता.

पूर्वी बुक डेपोला पाठ्यपुस्तकांचा आधार असे. जूनमधल्या विक्रीवर वर्षभर चार गोष्टींची पुस्तके ठेवता येत. आता पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात. ते योग्यच आहे, गरिबाच्या पोराला त्याचा मोठा आधार आहे. पण त्या दुकानात पालकांचे येणे कमी झाले आणि गोष्टींची पुस्तके काउंटरखाली गेली. रेल्वेच्या फलाटावरचे पुस्तकांचे स्टॉलही बदलले. १८७७ साली अलाहाबादेत सुरू झालेल्या व्हीलर कंपनीने देशभर स्टेशनावर पुस्तक विकायची सवय लावली होती. आज अशा बऱ्याच स्टॉलवर पाणी आणि बिस्किटे पुढे असतात.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा आहे, आणि अ, ब, क, ड वर्गांच्या ग्रंथालयांना अनुदान मिळते. २०१७ मध्ये महाबळेश्वरजवळचे भिलार 'पुस्तकांचे गाव' झाले. भिलारला सहलीला जाऊन पुस्तक वाचता येते ही आनंदाची गोष्ट आहे. पण पुस्तक सहलीला गेल्यावर भेटावे की दूध आणायला गेल्यावर?

आपल्या मोहल्ल्यातले कपाट

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे मराठी मुसलमानांविषयी. मशिदीबाहेर दुकान असतेच. इत्तर, टोपी, तस्बीह, यस्सर्नल कुरआनचा कायदा, पंजसूरा, नमाजच्या पुस्तिका. भाषा अरबी, उर्दू आणि हल्ली हिंदी. घरात कोकणी-मराठी बोलणारा, मराठी शाळेत शिकलेला पोरगा तिथे उभा राहिला तर त्याच्या भाषेतले त्याला फारसे काही दिसत नाही. दादरला गेला तर मराठी सगळे दिसते, पण त्यात तो स्वतः क्वचित दिसतो.

तो पुस्तकांत नाहीच, असे नाही. शेख महंमदांचा 'योगसंग्राम' आहे. शाहीर अमर शेख आहेत. हमीद दलवाईंची 'इंधन' आहे. फकरुद्दीन बेन्नूरांचे मुस्लिम समाजाच्या इतिहासावरचे लेखन आहे. १९९० हे वर्ष तर लक्षात ठेवावे असे : त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. लिहिणारे होते, आहेत. अडचण पुढची आहे. सोलापूर, लातूर, औरंगाबादकडे लहान प्रकाशकाने छापलेले पुस्तक नालासोपाऱ्याच्या वाचकापर्यंत कोण नेणार? संमेलनाच्या मांडवात ते विकले जाते, मांडव उतरला की संपले. धार्मिक पुस्तकांना वाट सापडली. इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्टचा मराठी 'दिव्य कुरआन', साप्ताहिक 'शोधन', हे कार्यकर्त्यांच्या हातून घरोघर जाते. कथा, कविता, इतिहास यांना असे हात मिळाले नाहीत.

शेजारी पाहावे. वसईच्या ख्रिस्ती समाजाने 'सुवार्ता' मासिक चालवले, चर्चच्या जाळ्यातून घराघरात नेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो कितीतरी वर्षे त्याचे संपादक होते, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या लेखिका याच मातीतल्या. लिहिणारा उगवायला आधी वाचणारा लागतो, आणि वाचणाऱ्याला पुस्तक चालण्याच्या अंतरावर लागते. त्यांनी दुकानाची वाट पाहिली नाही, आपली वाट काढली. आपल्याकडे मशिदी आहेत, जमात आहे, दर जुम्म्याला शेकडो माणसे एका ठिकाणी येतात. नाही ते एक कपाट.

कुणी म्हणेल, आता मोबाइलवर सगळे घरपोच येते. येते. पण तिथे काय मागायचे ते आधी माहीत असावे लागते. अम्मीला ते माहीत नाही, लेकीलाही नाही. आणि बऱ्याच घरांत मोबाइल पुन्हा त्याच्याच हातात असतो ज्याच्या हातात पूर्वी पिशवी होती.

म्हणून मी एक लहानसे काम केले. त्या शेठकडे गेलो आणि विचारले, "दहा पुस्तकं तुमच्या काउंटरवर ठेवू का? विकली तर तुमचं कमिशन, नाही विकली तर मी परत नेतो. जागा एका फूटभर." तो म्हणाला, "ठेवा. पण समोर नाही, बाजूला." दोन महिन्यांत तीन गेली. फार नाहीत. पण त्यातले एक एका रिक्षावाल्याने घेतले, आणि त्याने पुढच्या खेपेला उर्दूतले मागितले. शेठने मला फोन करून विचारले, "उर्दूतलं मिळेल का?" 'दादरला जा' म्हणणाऱ्या माणसाचा हा फोन होता.

मशिदीच्या ट्रस्टच्या मालकीचे गाळे बऱ्याच मोहल्ल्यांत आहेत. त्यांतल्या एखाद्यात, भाड्यात थोडी सूट देऊन, मराठी-उर्दूचे एक कपाट ठेवायला काय हरकत आहे? जुम्म्याच्या नमाजनंतर एक टेबल मांडायला किती खर्च येतो? वर दिलेल्या हिशेबातली सगळ्यात मोठी रक्कम भाड्याची आहे, आणि ती कमी करणे आपल्याच हातात आहे. तुमच्या गावात असे कुणी करत असेल तर मला जरूर कळवा.

गेल्या आठवड्यात अम्मीला रिक्षाने त्या दुकानात नेले. सात पुस्तके उरली होती. ती सगळी तिने एकेक करून उघडली, चष्मा वर-खाली करत चाळली. मी मध्येच एक पुढे केले, "हे घे, चांगलं आहे." तिने माझा हात बाजूला सारला आणि दुसरेच उचलले. पैसेही मला देऊ दिले नाहीत.

लेकीचा प्रकल्प केव्हाच देऊन झाला. दादरहून आणलेल्या पुस्तकात सोपाऱ्याविषयी दीड पान होते, तेवढ्यावर तिने लिहिले. शेठच्या काउंटरवर आठवे पुस्तक ठेवायचे ते सोपाऱ्यावरचे, असे आमचे ठरले आहे. मुलांना वाचता येईल अशा मराठीत कुणीतरी ते लिहायला हवे.